लाल फडक्यावरचा खाऊ

पेइलान शिव्या द्यायला बसली की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. थंडी सरत आली होती, ओढ्यावरचा बर्फ कडेकडेनं सुटायला लागला होता, आणि ती आपल्या दारासमोर, गल्लीच्या मधोमध, मांडी ठोकून बसली होती. पुढ्यात भाजी चिरायचा जाड लाकडी पाट, हातात सुरा. पाटाशेजारी तिच्या कोंबड्या ओळीनं मांडलेल्या. सगळ्या मेलेल्या. चोची उघड्या, पाय ताठ.

आमच्याकडे कुणी कुणाची कोंबडी मारली, पिकात जनावर घातलं, तर त्या घरची बाई असाच पाट घेऊन गल्लीत बसते. नाव घ्यायचं नाही. एक शिवी, पाटावर एक घाव. ज्यानं केलं असेल त्यानं दार लावून आत बसून ऐकायचं, कारण उत्तर दिलं की तोच ठरला. आणि एकदा सुरू केलं की शेवटापर्यंत न्यायचं. सगळ्यात शेवटी दाराची शिवी असते. ती न देता पाट उचलला तर दिलेल्या सगळ्या शिव्या देणारीलाच चिकटतात, असं आमच्या आज्या सांगायच्या. आम्ही हसतो त्यावर, पण अजून कुणी अर्धवट पाट उचललेला नाही.

"ज्या हातानं विषाचा मका टाकला, तो हात झडो!" खट्.

"ज्या डोळ्यांनी मुक्या जिवांची तडफड बघितली, ते डोळे फुटोत!" खट्.

"त्याच्या चुलीत जाळ न धरो! त्याच्या अंगावर मास न चढो!" खट्, खट्.

शेजारच्या घराचं लोखंडी फाटक बंद होतं. आत देशुन असणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. देशुनच्या घरामागे आल्याचा वाफा होता. बेण्याला मोड यावेत म्हणून त्यानं त्यावर प्लॅस्टिक ताणलं होतं, आणि पेइलानच्या कोंबड्यांनी ते दोनदा फाडलं होतं. "वहिनी, कोंबड्या कोंडा," असं तो भिंतीवरून सांगायचा. "कोंबडीला भिंत कळते का रे?" असं ती इकडून म्हणायची. मग एका सकाळी त्यानं वाफ्याच्या कडेनं मका टाकला. नंतर म्हणाला, उंदरांसाठी टाकला होता. आमच्या गावात उंदरांना कुणी एवढ्या मायेनं भिजवलेला मका घालत नाही.

शेवटी पेइलान गुडघ्यांवर उठली. आवाज बसला होता, तरी तिनं तो ओढून काढला.

"आणि त्याच्या दारात नातवंडाचं पाऊल न पडो!"

घाव एवढ्या जोरात बसला की सुरा पाटात रुतला. देशुनचा एकुलता एक मुलगा तिशीला आला होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. फाटकाआड देशुनची बायको जिन्शिया भोपळ्याच्या बिया फोडत बसली होती म्हणे. बिया फोडायचा आवाज तेवढ्यापुरता थांबला.

त्या कोंबड्या पेइलाननं उगाच पाळल्या नव्हत्या. तिची मुलगी शूमिन डोंगरापलीकडच्या गावात दिलेली, पहिलटकरीण. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाराव्या दिवशी माहेरची माणसं अंड्यांच्या टोपल्या आणि जिवंत कोंबड्या घेऊन जातात, आणि सासरचे पाहुणे त्या टोपल्या उघडून बघतात. शरद ऋतूपासून पेइलान त्या कोंबड्यांना जपत होती. बाजूच्या खोलीत ती पिवळ्या अळ्या पाळायची. लाकडी ट्रे एकावर एक रचलेले, त्यांत गव्हाचा कोंडा, कोंड्यात अळ्या. तालुक्याचा एक माणूस पिंजऱ्यातल्या पाखरांसाठी त्या घेऊन जायचा. पण विकण्याआधी रोज संध्याकाळी एक मूठ कोंबड्यांची. मूठ उघडली की कोंबड्या तिच्या पायांवरून, हातांवरून उड्या मारायच्या. अळ्या खाऊन त्यांची अंडी अशी व्हायची की बलक बघून माणसाला भूक लागावी.

आता टोपलीत दुकानातली अंडी भरावी लागली.

शूमिनला मुलगा झाला. बाराव्या दिवशी तिच्या सासूनं पाहुण्यांदेखत टोपलीवरचं फडकं उचललं. एक अंडं उजेडात धरलं, फिरवून बघितलं.

"विहीणबाई, ही दुकानातली ना?"

"कोंबड्यांवर रोग आला यंदा," पेइलान म्हणाली. तान्ह्या बाळाच्या घरात विषाचं नाव कसं काढणार?

"रोग? शूमिन तर सांगायची, आमच्या आईच्या कोंबड्या अळ्या खाऊन नुसत्या तुकतुकीत असतात. रोज ऐकवायची." सासूनं अंडं वाडग्यात फोडलं आणि वाडगा सगळ्यांकडे फिरवला. "बलक म्हणायचा का हा? पाण्यात हळद पडल्यासारखा दिसतोय."

बायका हसल्या. वाईट मनानं कुणी हसलं नाही, पण हसल्या. शूमिन खाटेवर बाळाला पाजत होती, तिनं मान वर केली नाही. परत येताना तीनचाकी गाडीत पेइलान रिकाम्या टोपल्यांमध्ये बसली होती. नवरा छांगहे गाडी चालवत होता. दगडाच्या खाणीत पाठ गेलेला माणूस, कमी बोलणारा. त्यानं एकदा मागे वळून बघितलं.

"महिना भरला की पोराला आणतील ना ते आपल्याकडे?" त्यानं विचारलं.

आमच्याकडे महिना झाल्यावर बाळंतीण बाळाला घेऊन माहेरी राहायला येते. त्याला आम्ही घरटं बदलणं म्हणतो.

"आणतील की नाही माहीत नाही," पेइलान म्हणाली. "सासू म्हणाली, बघू. बघू म्हणाली ती. माझ्या दारात माझा नातू यायचा तर तिनं बघायचं. कुणामुळे? सांग की, कुणामुळे?"

छांगहेनं गाडीचा वेग कमी केला. रस्ता खड्ड्यांचा होता.

पेइलानला तेव्हा काय हवं होतं ते मी स्पष्ट सांगतो. तिला देशुनच्या घराची अशीच पाहुण्यांसमोर फजिती हवी होती. डोळ्यांनी बघायला हवी होती. त्याखेरीज तिला जेवण गोड लागणार नव्हतं, आणि लागतही नव्हतं. मक्याच्या पातळ पोळीत पातीचा कांदा गुंडाळून ती हातात धरून बसायची आणि छांगहेच्या ताटात परत ठेवायची.

संधी जिन्शियानंच आणून दिली. गावच्या सामाईक जात्यापाशी ती बायकांना सांगत होती, मुलाचं जुळतंय. दरीपलीकडची पोरगी आहे, हसरी. वसंतातला पेरा झाला की मुलीकडचे घर बघायला येणार. अंगणातच टेबल मांडायचं, नवा लाल टेबलक्लॉथ आणलाय. पोरगीसुद्धा रीतीप्रमाणे लाल जाकीट घालून येणार.

"लाल जाकीट," पेइलान म्हणाली. "वा. शोभेल."

घरी येऊन ती अंगणात उभी राहिली. दोन अंगणांच्या भिंतीला पायाशी सांडपाण्याचं भोक आहे, एक वीट काढली की कोंबडी जाईल एवढं. देशुनच्या कोंबड्या पलीकडे उकरत होत्या. पेइलाननं आधी विषाचाच विचार केला होता. पण विष घातलं असतं तर लगेच कळलं असतं, आणि कोंबड्या मेल्या असत्या, बस. कोंबड्या मरून देशुनची फजिती थोडीच होणार होती?

खोलीत नातवासाठी शिवलेलं दुपटं घडी करून ठेवलेलं होतं. लाल सुती कापड, आत कापूस भरलेला, आणि त्याच कापडाची टोपी, टोपीवर वाघाचं तोंड. वाघाच्या मिशा पिवळ्या रेशमाच्या. कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा उरला होता. पेइलाननं तो उचलला, भिंतीची वीट काढली, आणि अंगणातल्या पर्सिमनच्या फळझाडाखाली तो तुकडा जमिनीवर पसरला. त्यावर मूठभर अळ्या टाकल्या.

कोंबड्यांना शिकवायला वेळ लागत नाही. पहिल्या दिवशी एक तांबडी कोंबडी भोकातून डोकं घालून बघत राहिली. मग आली. दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या, मागून कोंबडासुद्धा, अंग चोरून. पेइलान रोज तेच करायची. आवाज द्यायची नाही, डबा वाजवायची नाही. फक्त लाल फडकं झटकायची आणि पसरायची. आधी अळ्या फडक्यावर असायच्या, नंतर तिनं त्या फडक्याच्या घडीत लपवायला सुरुवात केली, म्हणजे उकरल्याशिवाय, ओढल्याशिवाय मिळू नयेत. कोंबड्या नख्यांनी फडकं फाडायला निघायच्या. मग ती फडकं खाटेच्या कडेला टांगायची, म्हणजे उडी मारावी लागावी. मारायच्या. कोंबडा तर पंख फडफडवत कमरेएवढा उडायचा.

छांगहे उंबऱ्यावर बसून कंबरेला शेक घेत होता.

"हे काय चाललंय?"

"कोंबड्यांना खाऊ घालते."

"देशुनच्या?"

"दुसऱ्याच्या पोटात पडलं की पुण्य लागतं."

"तुला?" छांगहे म्हणाला आणि शेकाची विटकर दुसऱ्या बाजूला सरकवली. "एवढ्या अळ्या रोज द्यायला लागलीस तर तालुक्याच्या माणसाला काय देशील?"

"त्याला सांग, रोग आला."

त्या अळ्यांवर मेहनत थोडी नव्हती. सकाळी ट्रे चाळायचे, विष्ठा खाली पाडायची, कोबीची पानं आणि गाजराचे काप वर ठेवायचे, ज्या अळ्यांचे काळे किडे झाले ते निवडून अंडी घालायला वेगळ्या ट्रेमध्ये टाकायचे. खोली गरम राहावी म्हणून चूल धुमसत ठेवायची. धुरानं डोळे चुरचुरायचे. पण पेइलान इतक्या उत्साहानं काम करत होती की छांगहेला वाटलं, बरं वाटतंय हिला.

गंमत जिन्शियाची झाली. अळ्या खाऊन तिच्या कोंबड्या अंगानं भरल्या, पिसं चमकायला लागली.

"यंदा माझ्या हाताला काय गुण आलाय कळत नाही गं," ती जात्यापाशी म्हणाली. "एकेका अंड्यात दोन-दोन बलक. गावच्या प्रमुखाकडे पाठवली परवा. ते म्हणाले, असली अंडी लहानपणी खाल्ली होती."

"हात चांगला आहे तुझा," पेइलान म्हणाली.

"कोंबड्यांना मायेनं वागवावं लागतं, बाई. नुसतं उकिरड्यावर सोडून भागत नाही."

पेइलाननं जात्याची खुंटी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. पण ती हसली. आता फक्त मुलीकडचे यायची वाट बघायची होती.

मुलीकडचे आले त्या दिवशी ऊन छान पडलं होतं. देशुननं अंगण झाडून पाणी शिंपडलं होतं, फाटकाला लाल कागद चिकटवला होता. कोंबड्या कोंडाव्यात असं त्याच्या मुलानं म्हटलं होतं, पण जिन्शियानं ऐकलं नाही. असल्या कोंबड्या पाहुण्यांना दिसायला नकोत? पेइलान आपल्या अंगणात उलट्या टोपलीवर चढून भिंतीवरून बघत होती. आदल्या दिवशी तिनं कोंबड्यांना मुद्दाम काही घातलं नव्हतं.

मुलीची आई आली, मामी आली, मध्यस्थ बाई आली. पोरगी मागून. गोल चेहऱ्याची, लाल जाकिटात लाजून आणखी लाल झालेली. देशुननं सगळ्यांना बसायला सांगितलं आणि जिन्शियानं टेबलावर नवा लाल टेबलक्लॉथ झटकून पसरला.

तो झटकलेला कोंबड्यांनी बघितला.

तांबडी सगळ्यांत आधी धावली. मग बाकीच्या, माना पुढे काढून, पंख अर्धे उघडून. दोन टेबलावर चढल्या आणि शेंगदाण्यांच्या बशीतून, चहाच्या पेल्यांमधून उकरायला लागल्या. दाणे, बिया, गोळ्या, चहा, सगळं मुलीच्या आईच्या मांडीवर. "हुश! हुश!" जिन्शियानं हात हलवले. तेवढ्यात कोंबडा उडाला. पोरगीच्या लाल जाकिटावर, थेट छातीवर, आणि नख्यांनी तिथंच लटकून चोच मारायला लागला. ती किंचाळली आणि खुर्चीसकट मागे पडली. कोंबड्यांनी तिला घेरलं. देशुन धावत होता, मुलगा धावत होता, आणि मध्यस्थ बाई कोपऱ्यात खुर्चीवर उभी राहून ओरडत होती.

पेइलाननं तोंडावर हात दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं हसू तिला दाबावं लागलं.

मामी पोरगीला उठवत होती. जाकिटाचा कापूस बाहेर आला होता.

"आयुष्यात असं बघितलं नाही मी," मामी म्हणाली. "ज्या घरातली कोंबडीसुद्धा लाल रंगावर उठते, त्या घरात आमची पोर लाल कपड्यात नवरी होऊन यायची?"

"अहो, रोज अशा नसतात त्या," जिन्शिया म्हणाली. "मुकं जनावर आहे, बसा तरी, मी चहा..."

"चहा झाला आमचा." मुलीच्या आईनं मांडीवरचे शेंगदाणे झटकले. "जागेतच काहीतरी दोष दिसतोय तुमच्या. मुक्या जनावराला आधी कळतं."

ते गेले. जाताना फाटकाचा लाल कागद सुटून पडला होता, त्यावरून गेले. देशुननं कोंबड्याला तिथंच पकडून मान पिरगळली. मग तो फाटकात बसून राहिला, हात पिसांनी भरलेले, आणि त्याचा मुलगा घरामागे आल्याच्या वाफ्यापाशी पाठमोरा उभा राहिला. पेइलाननं तेही बघितलं. पोटभर बघितलं. मग खाली उतरली आणि त्या दिवशी तिनं कोबीचे मोमो उकडले आणि छांगहेपेक्षा जास्त खाल्ले.

"पोरीचं काय चुकलं होतं?" छांगहेनं विचारलं.

"शूमिनचं काय चुकलं होतं?"

"ती वीट लाव परत."

"लावते. घाई काय आहे? कोंबडीचं डोकं ते, दोन दिवसांत विसरतील."

लाल फडकं तिनं धुऊन दोरीवर टाकलं आणि वाळल्यावर कपाटात ठेवलं. अळ्या टाकणं बंद केलं. कोंबड्या भोकातून यायच्या, झाडाखालच्या रिकाम्या जमिनीकडे तिरक्या मानेनं बघायच्या, उकरायच्या, परत जायच्या. वीट भिंतीपाशी तशीच आडवी राहिली.

आणि मग फोन आला. शूमिनची सासू नरमली होती. महिना भरून केव्हाच उलटलाय, न्या पोरीला आणि नातवाला, म्हणाली, चांगलं महिनाभर ठेवून घ्या. पेइलान त्या दिवशी गल्लीतून इकडून तिकडे किती वेळा गेली असेल. प्रत्येक दारात सांगून आली. देशुनच्या दारासमोर जरा जास्त मोठ्यानं बोलली.

छांगहे तीनचाकी घेऊन गेला आणि दुपारी परत आला. शूमिन उतरली, पांढरी पडलेली, पण हसरी. तिच्या हातात नातू. लाल दुपट्यात गुंडाळलेला, डोक्यावर वाघाची टोपी, पिवळ्या मिशा वाऱ्यानं हलत होत्या. पेइलाननं त्याला घेतलं आणि टोपीच्या मिशा बोटानं सरळ केल्या.

"आई, केवढं शिवलंस गं तू," शूमिन म्हणाली. "सासूबाईसुद्धा म्हणाल्या, असला टाका आमच्या गावात नाही."

"म्हणाली ती? खरंच म्हणाली?"

"खरंच. अंड्यांचं विसर आता."

अंगणात पर्सिमनच्या झाडाखाली ऊन होतं, वारा नव्हता. तिथं खाट टाकली, खाटेवर बाळ ठेवलं. ते झोपलं होतं. शूमिन आत शेवया खायला बसली. पेइलान चुलीपाशी दुसरा वाडगा भरत होती. छांगहे गाडीतलं सामान काढायला गल्लीत होता. पाठ दुखत होती म्हणून एकेक पिशवी आणत होता.

आधी कोंबड्यांचा आवाज आला. मग बाळ रडलं, पण भुकेनं रडतात तसं नाही.

पेइलानच्या हातातून वाडगा पडला. ती बाहेर आली तेव्हा खाट दिसत नव्हती, नुसती पिसं दिसत होती. कोंबड्या बाळावर चढल्या होत्या. दुपटं नख्यांनी ओढत होत्या, घड्या उकरत होत्या, आणि तांबडी टोपीवरच्या पिवळ्या मिशा चोचीनं खेचत होती. पेइलान पुढे झाली, घसरली, गुडघ्यावर पडली. तिच्याआधी भिंतीवरून देशुन खाली पडला. वाफ्यात काम करत होता, बाळाचा आवाज ऐकून भिंत चढला होता. त्यानं हातानं, लाथांनी कोंबड्या उडवल्या आणि बाळाला उचलून छातीशी धरलं.

बाळाच्या डोळ्याखाली चोच बसली होती. गालावरून रक्त कानापर्यंत आलं होतं.

शूमिननं बाळ त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. "तुमच्या कोंबड्या! तुमच्याच ना?"

"माझ्या आहेत," देशुन म्हणाला.

दुपटं खाटेवरून जमिनीवर पडलं होतं. हाकललेल्या कोंबड्या लगेच परत आल्या होत्या आणि त्याच्यावर चढून उकरत होत्या. माणसांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. देशुन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं भिंतीच्या भोकाकडे बघितलं, शेजारी आडव्या ठेवलेल्या विटेकडे बघितलं, आणि मग पेइलानकडे.

"वीट तुमच्या बाजूला आहे, वहिनी," तो हळू म्हणाला. एवढंच. आणि फाटकातून बाहेर गेला.

गावातल्या डॉक्टरानं जखम धुतली, म्हणाला, डोळा वाचला, बोटभर वर असती तर गेला होता. व्रण राहील. शूमिन घरी आली तेव्हा ती रडत नव्हती. तिचा चेहरा तिच्या आईसारखा झाला होता.

"आधी तुझ्या कोंबड्या मारल्या," ती म्हणाली. "आता माझं पोर. आई, पाट काढ."

"राहू दे गं. देवानं वाचवलंय."

"राहू दे? कोंबड्यांसाठी बसलीस ना तू? माझ्या पोरासाठी बसणार नाहीस?"

"शूमिन, ती मुकी जनावरं..."

"कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय कोंबड्या बाळावर चढतात होय? पाट काढ, आई. नाहीतर मी बसते."

छांगहे दारात उभा होता. त्यानं बायकोकडे बघितलं आणि खाली बघितलं. पेइलाननं पाट काढला. सुरा तिनं दोनदा खाली आपटला आणि पुन्हा उचलला, लोकांना वाटलं रागानं.

गल्ली भरली. सगळ्यांना कळलं होतं, बाळाचं रक्त बघितलं होतं, आणि सगळे तिच्या बाजूनं होते. देशुनचं फाटक मात्र या वेळी बंद नव्हतं. तो आणि जिन्शिया दोघंही दारात उभे होते, उघड्यावर. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. असं कुणी करत नाही.

पेइलान बसली. सुरा धरला.

"ज्या हातानं हे केलं," ती म्हणाली, आणि थांबली. शूमिन तिच्या मागे बाळाला घेऊन उभी होती. "तो हात झडो." खट्.

"मोठ्यानं, आई."

"तो हात झडो! ज्या डोळ्यांनी दुसऱ्याची फजिती बघितली, ते डोळे फुटोत!" खट्. "त्याच्या चुलीत जाळ न धरो! त्याच्या अंगावर मास न चढो!"

घाव पाटाला लागत होते आणि तिचा आवाज वाढत होता. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, अशा शिव्या आम्ही कधी ऐकल्या नाहीत. तिनं त्या हाताची बोटं एकेक मोजून झडवली. त्या माणसाला झोप न येवो म्हणाली, घशाखाली घास न जावो म्हणाली, आरशात तोंड बघायची लाज वाटो म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते. मला तेव्हा ती फार मोठी बाई वाटली.

मग शिव्या संपल्या. शेवटची राहिली. गल्ली वाट बघत होती. पेइलाननं सुरा वर उचलला, तोंड उघडलं, आणि तो तसाच वर राहिला.

"आई?" शूमिन म्हणाली.

पेइलानचा हात खाली येईना. बाळ मागे कुरकुरलं. तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं, गालावरच्या पट्टीकडे, आणि परत पाटाकडे.

"म्हण ना, आई. तीच राहिली आहे."

मग शेजारच्या दारातून जिन्शिया बोलली. ती ओरडली नाही.

"म्हण की गं, पेइलान. दाराची शिवी राहिली. आम्हाला दिलीस तेव्हा तर अडखळली नव्हतीस. का मी देऊ तुझ्या वतीनं?"

पेइलाननं सुरा पाटावर आडवा ठेवला. आवाज न करता. आणि दोन्ही हात मांडीत घेऊन बसून राहिली.

कुणाला आधी कळलं ते सांगता येणार नाही. म्हाताऱ्या बायकांना कळलं असावं, कारण त्या मागे सरकल्या. शूमिननं आईच्या हातांकडे बघितलं, मग बापाकडे. छांगहेनं मान वर केली नाही. देशुनचं विटेबद्दलचं बोलणं तिला आठवलं असावं, आणि दुपट्याचं उरलेलं कापड आई कुठे ठेवते हे तर ठाऊकच होतं. ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात बाळ होतं, दुसऱ्यात तो लाल फडक्याचा तुकडा. धुतला होता तरी नख्यांनी झालेली भोकं होती त्याला.

तिनं तो आईच्या मांडीवर टाकला.

"बाबा, गाडी काढा."

"अगं, अंधार पडेल वाटेत," छांगहे म्हणाला.

"पडू दे."

बाळाला तिनं छांगहेच्या जुन्या निळ्या कोटात गुंडाळलं होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा सगळे आपापल्या घरी गेले. देशुननंही आपलं फाटक ओढून घेतलं. पेइलान मात्र तशीच बसून होती, पाट पुढ्यात. तो उचलायची तिची हिंमत होत नव्हती.

आत अंगणात झाडाखाली लाल दुपटं पडलं होतं. कोंबड्या त्यात पुन्हा शिरल्या होत्या आणि कापूस उपसून उपसून अळ्या शोधत होत्या.